एका बोटासाठी कंपायलर

त्या उन्हाळ्यात आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये दोन वाद चालू होते. आईंनी नागपूरला जायचं की दिल्लीत राहायचं, हा एक. आणि कॉम्प्युटरच्या सी भाषेचा कंपायलर कुठला विकत घ्यायचा, हा दुसरा. ऐकणाऱ्याला वाटायचं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? पण होता. पहिल्या वादाचा निकाल दुसऱ्यावर अडकला होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. होळीच्या सुमारास नागपूरहून आमच्याकडे आल्या असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. हातपायही गेले, फक्त डाव्या हाताची तर्जनी त्यांच्या हुकमात राहिली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, शब्दही मनात येतात, ते बाहेर मात्र पडत नाहीत. मान थोडीशी हलायची. पण त्या मानेचं काय सांगू तुम्हाला! माझे मोठे दीर, आमचे भाऊजी, नागपूरला राज्य सरकारात चांगल्या हुद्द्यावर. ते बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, नागपूरला चलतेस ना आई? आईंनी मान हलवली, हो. ते गेल्यावर ह्यांनी विचारलं, इथेच राहतेस ना आमच्याजवळ? आईंनी तश्शीच मान हलवली, हो. जन्मभर दोन्ही मुलांना हो म्हणत आलेली बाई, ती आजारपणात कुणाला नाही म्हणणार होती? झालं. दोघेही भाऊ छातीवर हात ठेवून सांगायला मोकळे, की आईने मला हो म्हटलंय.

मी एक मोठा पुठ्ठा घेतला आणि त्यावर मुळाक्षरं काढली. पेन्सिल एकेका अक्षरावरून फिरवायची, हवं ते अक्षर आलं की आईंनी बोट आपटायचं. जमत होतं बरं का. पण घरातल्या कुणालाच धीर नव्हता. आईंनी 'प' वर बोट आपटलं रे आपटलं की हे पेला घेऊन धावायचे, पाणी, पाणी. आईंना पंखा कमी करून हवा असायचा. त्या बिचाऱ्या आणलेलं पाणी पिऊन टाकायच्या. भाऊजी दुसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना पुठ्ठा दाखवला, म्हटलं, आता तुम्ही नीट विचारा, त्या पुरं वाक्य सांगतील. ते शांतपणे म्हणाले, "पेन्सिल तुझ्या हातात आहे. तू जिथे थांबशील तिथे ती बोट आपटणार." आवाज चढवला असता तर मी भांडले असते. चढवला नाही, म्हणून ते मला लागलं. आणि एक सांगते, माझी इच्छा काय होती ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आई आमच्याकडेच राहाव्यात असं मला फार वाटत होतं. मग पेन्सिल कुणाच्याच हातात नको, असं मी ठरवलं.

आमच्या घरी एक कॉम्प्युटर होता. एक ऑफिस बंद पडत होतं, तिथून ह्यांनी सेकंडहँड उचललेला. दोन फ्लॉपीच्या खाचा, पिवळ्या अक्षरांचा पडदा, हार्ड डिस्क नाही. ह्यांनी तो कौतुकाने आणला आणि महिन्याभरात त्यावर कापड टाकून दिलं. मी शिकले. कुणी शिकवलं नाही, मासिकं आणि बेसिक भाषेचं एक फाटकं पुस्तक, बस्स. दिल्लीच्या थंडीत क्वार्टरसमोरच्या लॉनवर आम्ही बायका विणत बसायचो, तेव्हा स्वेटरचे नमुने मी या मशीनवर चौकटी भरून काढायचे. तीच विद्या आता कामाला आली. अ-आ-इ-ई सगळी अक्षरं मी विणकामाच्या ग्राफसारखी चौकटीत बसवली. पडद्यावर ओळींनी अक्षरं, वरून खाली एकेका ओळीवर उजेड सरकतो, हवी ती ओळ आली की आईंनी कीबोर्डवरची किल्ली दाबायची. मग उजेड त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकतो, पुन्हा दाबायचं. पेन्सिल मशीनच्या हातात, आणि मशीनला नागपूरही नाही नि दिल्लीही नाही.

पण बेसिक हळू. प्रत्येक ओळ वाचून, तिचा अर्थ लावून मगच पुढे जायची त्याची रीत. आईंनी 'क'च्या ओळीवर किल्ली दाबली, की मशीनला ते कळेपर्यंत उजेड 'च'च्या ओळीवर गेलेला. उजेड अगदी संथ केला तर एका शब्दातच आई थकून जायच्या. रडायच्या नाहीत, डोळे मिटून घ्यायच्या. ते मला बघवायचं नाही. मासिकात होतं की असली कामं सी भाषेत करावीत. कंपायलर सगळं लिहिलेलं आधी एकदाच मशीनच्या बोलीत उतरवून ठेवतो, मग ते सरसर चालतं.

आणि तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. तिकिटं काढली आहेत, पंधरवड्याने येतो, आईला घेऊनच जाणार. ह्यांनी फोन ठेवला आणि खोलीत येरझारा घालायला लागले. मी म्हटलं, पंधरवडा आहे ना, मग मला कंपायलर आणून द्या.

बाजारात तेव्हा दोन चालायचे. नावं नको सांगायला, मी त्यांना जाडा आणि बारका म्हणायचे. जाडा म्हणजे फ्लॉप्यांची थप्पी नि विटेएवढी पुस्तकं. बारका म्हणजे जवळजवळ एकाच फ्लॉपीत मावणारा, लिहायची जागा नि कंपायलर एकातच. आमच्या खालच्या मजल्यावर एक तमिळ गृहस्थ राहायचे, मंत्रालयात वैज्ञानिक अधिकारी, आईंच्या आजारपणात फार मदत केली त्यांनी. त्यांच्या ऑफिसात जाडा होता. ते म्हणाले, बहनजी, त्याने केलेला प्रोग्रॅम सगळ्यात जलद चालतो, तुम्हाला जलदच हवाय ना? मासिकातल्या तक्त्यातही तेच छापलेलं. बारका शिकणाऱ्यांसाठी, असं त्यांचं मत.

आमचे हे सेक्शन ऑफिसर. त्यांनी हा प्रश्न ऑफिसच्या पद्धतीने हातात घेतला. तीन दुकानांतून कोटेशनं मागवली आणि रविवारी सकाळी बसून कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. डावीकडे बाबी, मग जाडा, मग बारका, ज्याचं सरस त्याच्यापुढे टिक. जाड्यापुढे टिकाच टिका. खाली शेरासुद्धा लिहिला, जाडा घ्यावा अशी शिफारस. मला हसू आलं, पण हसायची सोय नव्हती. आईसाठी त्यांना एवढंच करता येत होतं नि ते मन लावून करत होते.

आम्ही तिघं नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर-बाजारात गेलो, हे, मी नि खालचे गृहस्थ. आईंपाशी त्यांच्या मिसेस बसल्या. दुकानदाराने आमच्याकडे बघितलं आणि त्याला आमचीच दया आली. म्हणाला, ओरिजिनल कोण घेतं मॅडम, चहा पिईपर्यंत कॉपी करून देतो.

मी विचारलं, "किताब भी कॉपी में आएगी?"

"किताब पढ़ता कौन है, मैडम?"

"मैं पढ़ती हूँ," मी म्हटलं. "मेरा कोई मास्टर नहीं है."

मग त्याने दोन्ही खोकी काढली. आणि बजावलं की आतल्या पाकिटाचं प्लास्टिक फाडलंत की परत घेणार नाही, बदलूनही देणार नाही. दोन्ही घ्यायची आमची ऐपत नव्हती. आणि चुकलं तर दुसरा आणून पुन्हा शिकायला दिवस नव्हते. मी म्हटलं, आधी चालवून दाखवा. त्याच्याकडे दोन्हींचा दाखवायचा संच होता. त्याने समोरच्या मशीनवर जाडा चालवला, काय झरझर काम करत होता! खालचे गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. आमचे हे पैशांचं पाकीट काढायला लागले.

"या मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे," मी म्हटलं. "माझ्या मशीनमध्ये नाही. दोन फ्लॉप्यांवर दाखवा."

दुकानदार म्हणाला, असली मशीन आता ठेवतो कोण? पण मी हलले नाही. शेवटी रिपेरिंगच्या कोपऱ्यातून एक जुनं धूड निघालं, अगदी आमच्याच्या जातीचं. त्यावर जाडा घातला. ही फ्लॉपी काढा, ती घाला, ती काढा, पहिली घाला. एवढासा नमुन्याचा प्रोग्रॅम, पण त्यासाठी माणसाला भात परतावा तसं उभं राहून राबायला लावलं त्याने. आणि अखेरीला पडद्यावर काय उमटलं? मेमरी पुरत नाही.

खालचे गृहस्थ म्हणाले, हार्ड डिस्क बसवून घ्या. सल्ला खरा होता, पण ते सगळं होईपर्यंत आई नागपूरला पोचल्या असत्या. हे गोंधळले. खिशातून स्टेटमेंट काढलं आणि मराठीत हळूच म्हणाले, "अगं पण सगळ्या बाबतीत हाच वरचढ आहे. मेमरी बघ ना, बारक्याच्या दुप्पट."

मी तो कागद हातात घेतला. 'मेमरी' या बाबीपुढे जास्त आकडा म्हणून टिक. 'फ्लॉप्यांची संख्या', तिथेही जास्त म्हणून टिक.

"अहो, ही मेमरी तो देत नाहीये," मी म्हटलं. "मागतोय."

ह्यांनी कागद परत घेतला, बघितला, घडी घातली. ऑफिसात पंखे घ्या, टाइपरायटर घ्या, जास्त आकडा तो चांगला, या हिशेबाने त्यांची अख्खी नोकरी गेलेली. खालच्या गृहस्थांनी शिष्टाचार म्हणून दुकानाबाहेर नजर वळवली.

बारका घातला. लिहिलं, किल्ली दाबली, झालं. दुकानदाराने चहाचा ग्लास खाली ठेवेपर्यंत झालं. पण म्हणून प्रश्न सुटला असं नाही. खालच्या गृहस्थांनी मला सावध केलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. बारका स्वतः चपळ आहे, पण त्याने उतरवलेला प्रोग्रॅम जाड्याइतका चपळ नसतो. उजेड पुन्हा पुढे निघून गेला तर? ते कुणालाच सांगता येईना, घरी नेऊन माझी अक्षरं त्यात बसवल्याशिवाय कळायचंच नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, तू ठरव. मी बारक्याचं खोकं उघडलं आणि काउंटरवरच नखाने प्लास्टिक फाडलं. घरी जाऊन आणखी विचार करत बसले असते तर तेवढा दिवस गेला असता.

मग मी कामाला बसले. सकाळी आईंचं अंग पुसणं, भरवणं, पाठ चोळणं झालं की पुस्तक उघडायचं. दुपारी त्या पडून असायच्या आणि मी त्यांच्या खोलीतच, त्यांच्याकडे पाठ करून, मशीनपाशी. इंग्रजी पुस्तक, डिक्शनरी मांडीवर. दुपारी वीज जायची. सेव्ह केलं नसेल तर सगळं गेलं. बारक्याची एक खोड होती, आपण लिहिलेला प्रोग्रॅम तो स्वतःच्या पोटातच चालवून बघायचा. आपलं एखादं चिन्ह चुकलं की दोघंही बेशुद्ध, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. एकदा अक्षरांचा सगळा भाग असा गेला, तेव्हा मी सेव्हच्या किल्लीवर कपाळाची लाल टिकली काढून चिकटवली. आधी टिकली, मग बाकी सगळं. हे ऑफिसातून आल्यावर रोज दारातूनच विचारायचे, झालं? मी पुस्तकाचं पान उलटायचे.

ज्या दुपारी पहिल्यांदा चाललं त्या दुपारी मी आईंना उशांना टेकवून बसवलं, कीबोर्ड पांघरुणावर ठेवला, त्यांचं बोट किल्लीवर ठेवलं. उजेड सरकायला लागला. त्यांनी दाबलं. तीच ओळ. पुन्हा दाबलं. तेच अक्षर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मग सावकाश एक शब्द उमटला, 'साखर'. झटका आल्यापासून मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलं म्हणून फिका चहा देत होते आणि त्यांना आवडतो असं समजत होते.

साखर दिली हो. एक चमचा.

भाऊजी ठरल्या दिवशी आले. घरी उतरले नाहीत. भावाचं घर असताना राज्याच्या अतिथीगृहात खोली घेतली, तेव्हाच मी समजले की हे पाहुणे म्हणून आलेले नाहीत. दुसऱ्या दिवशीची तिकिटं होती. चहा घेतला, आईंच्या पायांवरून हात फिरवला, मग मशीन बघितलं. ह्यांनी सगळं समजावून सांगितलं, चांगलं सांगितलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हा प्रोग्रॅम तूच लिहिलास ना?"

"हो."

"मग पेन्सिल तुझ्याच हातात की."

ह्यांचा चेहरा लाल झाला. हे काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तुम्ही दोघं बसा त्यांच्यापाशी. मी स्वयंपाकघरात थांबते. विचारायचं ते तुम्हीच विचारा. फक्त एक, शब्द पुरा करायचा नाही. त्या थांबेपर्यंत दोघांनीही तोंड उघडायचं नाही."

मी आत आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. भाऊजींचा आवाज ऐकू आला, आई, तुला कुठे राहायचंय, नागपूरला की इथे, तूच सांग.

एक सांगायचं राहिलं. आईंना कळावं म्हणून मी प्रोग्रॅममध्ये आवाज ठेवले होते. ओळ निवडली की जाडसर आवाज, अक्षर निवडलं की बारीक. स्वयंपाकघरातून मला पडदा दिसत नव्हता, पण ते आवाज येत होते. आणि उजेडाची चाल मला श्वासासारखी पाठ होती. उजेड वरून निघाला. स्वरांची ओळ गेली, 'क'ची गेली, 'च'ची, 'ट'ची. मग आवाज आला, 'त'ची ओळ. त, थ, द, ध, न. दिल्लीचा 'द' त्याच ओळीत नि नागपूरचा 'न'ही त्याच ओळीत. उजेड सरकत असणार, त. थ. द. आवाज आला नाही. ध. नाही. मग आला.

'न'. मी लगेच मनात म्हटलं, 'नको' असेल. नागपूर नको. 'न' म्हणजे 'नको'सुद्धा असू शकतं ना? आणि मग माझं मलाच कळलं, दोघा भावांना तंबी देऊन आले होते आणि इथे ओट्याला टेकून मी स्वतः तेच करत होते, त्यांचा शब्द पुरा करत होते. मी नळ सोडला, आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून. पाणी बादलीत पडत राहिलं. मध्येच वाटायचं, वीज जाईल. मध्येच वाटायचं, जाऊ दे वीज.

बऱ्याच वेळाने ह्यांनी हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर गेले. पडद्यावर पिवळ्या अक्षरांत होतं, 'नागपूर. इथे कोणी येत नाही.'

भाऊजी जिंकले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. हे खिडकीशी गेले. खरंच होतं ते. सरकारी क्वार्टर. शेजारी ओळखीचे होईपर्यंत त्यांची बदली होणार. दुपारी सगळे ऑफिसात, शाळेत. कामाला येणारी बाई हिंदीत बोलणारी, आईंना हिंदी अर्धीच यायची. मराठी माणसं दिल्लीत पुष्कळ, पण कुणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुणी नोएडाला, सणावारी भेटायची. नागपूरला आईंच्या घराच्या ओसरीवर चपलांची रास पडलेली असायची. बहीण, भजनातल्या बायका, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली ती.

मी पलंगाशी बसले. आईंच्या डोळ्यांकडे बघून म्हटलं, "मी आहे ना आई. मी दिवसभर घरात असते."

आईंनी बोट उचललं. उजेड सरकायला लागला. 'तू मशीनपाशी असतेस.'

ते सगळं तुमच्यासाठीच चाललं होतं, हे मी म्हटलं असतं, पण ते त्यांना ठाऊकच होतं. रागाने लिहिलेलं नव्हतं ते. जे होतं ते लिहिलं होतं. त्या माझ्याकडे बघतच होत्या, आणि बोट पुन्हा हललं. या वेळी मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी असेल. आलं ते असं, 'हे पण न्या.'

हे म्हणजे मशीन. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, अगं पण तो तुझा कॉम्प्युटर. नागपूरला बघू की दुसरी काही व्यवस्था. मी म्हटलं, दुसरी व्यवस्था होईपर्यंत त्यांनी काय मान हलवायची? वायरी मोजून ठेवा, संध्याकाळी खोक्यात घालू. कंपायलर आणि पुस्तक माझ्याकडे राहतील, चालवायला मशीन नसेल, एवढंच.

संध्याकाळी भरायच्या आधी मी भाऊजींना शिकवायला बसवलं. फ्लॉपी कुठली, आधी काय दाबायचं, उजेड हळू कसा करायचा, आई दमल्या की कसं ओळखायचं. ते चष्मा लावून आज्ञाधारकपणे ऐकत होते. मग मी म्हटलं, आता तुम्ही दोघं बोला, मी बघते. त्यांनी आईंना विचारलं, उद्या गाडीत बरोबर काय काय घ्यायचं? उजेड वरून निघाला. आईंनी पहिलं अक्षर निवडलं, 'श'. भाऊजींचं तोंड उघडलं. शाल म्हणणार होते, मला दिसत होतं, ओठ तसेच झालेले. मी नुसतं पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं, हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसून राहिले. उजेड पुन्हा वरच्या ओळीपासून सरकायला लागला.